खटला जिंकला आणि नाव गमावलं: कॅप्टन मार्व्हलचं प्रकरण

२०१९ साली चार आठवड्यांच्या अंतरानं दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांचे दोन चित्रपट लागले. ८ मार्चला, महिला दिनी, मार्व्हल स्टुडिओजचा 'कॅप्टन मार्व्हल' आला. त्यात ब्री लार्सननं कॅरल डॅन्व्हर्स ही अमेरिकी हवाई दलातली वैमानिक साकारली होती. ५ एप्रिलला वॉर्नर ब्रदर्सचा 'शझाम!' लागला, डीसी या मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी कॉमिक्स कंपनीच्या नायकाचा. लाल पोशाख, छातीवर सोनेरी वीज, खांद्यावर छोटा पांढरा झगा, आणि त्या आडदांड शरीराच्या आत बिली बॅटसन नावाचा शाळकरी पोरगा. या दुसऱ्या चित्रपटात एक विनोद सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो. या नायकाला म्हणायचं काय हेच कोणाला ठरवता येत नाही. त्याचा मित्र दर थोड्या वेळानं नवं, आधीच्याहून वाईट नाव सुचवतो आणि प्रेक्षक हसतात.

तो विनोद चांगलाच जमला आहे. पण पटकथाकारांवर तो लिहिण्याची वेळ का आली, ते फार थोड्या प्रेक्षकांना माहीत होतं. त्या लाल पोशाखवाल्याला एक नाव होतं. १९४० पासून होतं. ते नाव होतं कॅप्टन मार्व्हल.

हे प्रकरण बहुतेक वेळा 'डीसी विरुद्ध मार्व्हल' या साच्यात सांगितलं जातं. मार्व्हलनं डीसीच्या नायकाचं नाव पळवलं, असं त्याचं सार. मला हा साचा अपुरा वाटतो. नाव पळवलं गेलं तेव्हा तो नायक डीसीचा नव्हताच. तो तिसऱ्याच एका प्रकाशकाचा होता, आणि त्याला बाजारातून उठवण्याचं काम डीसीनंच बारा वर्षं कोर्टात भांडून केलं होतं. पुढे त्याच नायकाला डीसीनं पैसे मोजून परत आणलं, तेव्हा त्याचं नाव हातातून गेलेलं होतं. म्हणून कागदपत्रांचा आणि तारखांचा क्रम नीट लावून हे प्रकरण पाहिलं पाहिजे.

दोन मोटारी, दोन मुखपृष्ठं

'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून १९३८ असा महिना छापलेला आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडमधल्या दोन तरुणांनी घडवलेला सुपरमॅन त्या अंकात पहिल्यांदा आला. मुखपृष्ठावर तो एक मोटार डोक्यावर उचलून आपटतो आहे. या नायकाचे सगळे हक्क सीगल आणि शुस्टर यांनी १३० डॉलरला लिहून दिले होते. प्रकाशक कंपनी पुढे 'नॅशनल' या नावानं आणि त्याहून पुढे 'डीसी' या नावानं ओळखली गेली. सोयीसाठी इथून पुढे आधीच्या काळासाठी नॅशनल आणि नंतरच्या काळासाठी डीसी म्हणतो. कंपनी एकच.

सुपरमॅन खपतो म्हटल्यावर प्रत्येक प्रकाशकाला आपला एक सुपरमॅन हवा झाला. मे १९३९ मध्ये व्हिक्टर फॉक्स या प्रकाशकानं 'वंडर मॅन' काढला. चित्रं आणि कथा विल आयस्नर यांची. नॅशनलनं लगेच दावा लावला आणि वंडर मॅन एका अंकातच संपला. १९४० मध्ये अपील न्यायालयानंही नॅशनलच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती ऑगस्टस हँड यांच्या त्या निकालातला भेद पुढच्या सगळ्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. बलदंड, परोपकारी वीर ही कल्पना कोणा एकाच्या मालकीची होऊ शकत नाही. मात्र प्रसंगांची विशिष्ट मांडणी, विशिष्ट चित्रण आणि शब्द यांना कॉपीराइट मिळू शकतो. नॅशनलच्या हाती एक शस्त्र आलं.

फॉसेट पब्लिकेशन्स हे फॉक्ससारखं चिल्लर प्रकरण नव्हतं. मिनेसोटात सुरू झालेली ही कंपनी मासिकांच्या धंद्यात मुरलेली होती आणि तिच्याकडे पैसा होता. कॉमिक्सच्या नव्या बाजारात उतरायचं ठरल्यावर तिथले लेखक बिल पार्कर यांनी आधी सहा वीरांची तुकडी योजली, प्रत्येकाकडे एकेक शक्ती. वरिष्ठांनी सुचवलं की सहाही शक्ती एकातच घाला. त्यातून तो मंत्र तयार झाला: सॉलोमनचं शहाणपण, हर्क्युलिसचं बळ, अ‍ॅटलासचा दम, झ्यूसचं सामर्थ्य, अकिलीसचं धैर्य आणि मर्क्युरीचा वेग. सहा आद्याक्षरं मिळून शझाम. चित्रकार सी. सी. बेक यांनी त्याला चेहरा दिला तो हॉलिवूडचा नट फ्रेड मॅकमरे याच्या वळणाचा. नायकाचं पहिलं नाव होतं कॅप्टन थंडर. पण ते आधीच दुसरीकडे वापरात असल्यामुळे बदलावं लागलं आणि कॅप्टन मार्व्हल हे नाव आलं. म्हणजे जन्माआधीच या नायकाला एकदा नाव सोडावं लागलं होतं.

फेब्रुवारी १९४० चा महिना छापलेल्या 'व्हिझ कॉमिक्स'मध्ये तो वाचकांसमोर आला. मुखपृष्ठावर काय होतं? लाल पोशाखातला एक वीर मोटार उचलून भिंतीवर भिरकावतो आहे.

इथे नॅशनलची तक्रार पोकळ नव्हती, हे मान्य करायला हवं. दोन्ही मुखपृष्ठं शेजारी ठेवली तर साम्य लपत नाही. दोघांचे अंगाला घट्ट बसणारे पोशाख, दोघांच्या खांद्यावर झगा, दोघांचंही दिवसाचं काम वार्तांकनाचं, एक वर्तमानपत्रात आणि दुसरा रेडिओवर. पण देवाणघेवाण एकाच दिशेनं झाली असंही नाही. कॅप्टन मार्व्हलचा शत्रू डॉ. सिवाना पहिल्या दिवसापासून टकला, वेडा शास्त्रज्ञ होता. सुपरमॅनचा शत्रू लूथर त्यानंतर दोनेक महिन्यांनी आला, तोही लालसर केसांसह. त्याचं टक्कल १९४१ सालचं आहे.

आणि मुळात फरक गाभ्यातच होता. सुपरमॅन हा परग्रहावरचा माणूस. साधेपणाचं तो सोंग घेतो. बिली बॅटसन हा रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारा अनाथ मुलगा, तो एक शब्द उच्चारतो आणि मोठा होतो. दहा वर्षांच्या वाचकाला सुपरमॅनचं कौतुक वाटे, बिली मात्र आपण स्वतः होऊ शकतो असं वाटे. ऑटो बाइंडर या लेखकानं या मालिकेत शेकडो कथा लिहिल्या आणि तिला खट्याळ, मोकळा सूर दिला. कोट घालून फिरणारा बोलका वाघ त्यात होता. १९४३ ते १९४५ या काळात २५ प्रकरणांची एक सलग कथा चालली, जिच्यातला सूत्रधार खलनायक अखेर एक चिमुकला अळीवजा किडा निघतो. बेक यांच्या रेषेत अनावश्यक एक रेघ सापडत नाही. आजही ती पानं उघडली तर ती जुनाट वाटत नाहीत, हे मी आग्रहानं सांगेन. १९४० च्या दशकाच्या मध्यावर 'कॅप्टन मार्व्हल अ‍ॅडव्हेंचर्स'च्या एकेका अंकाचा खप दहा लाखांच्या वर गेला होता आणि सुपरमॅन मागे पडला होता.

पडद्यावर आधी कोण

रिपब्लिक पिक्चर्स ही हॉलिवूडची कंपनी आठवड्याला एक भाग अशा चित्रपटमालिका काढण्यात पटाईत. १९४० मध्ये तिला सुपरमॅनवर मालिका करायची होती. नॅशनलशी बोलणी फिसकटली. तयार पटकथा वाया जाऊ नये म्हणून रिपब्लिकनं तिच्यातला नायक बदलून दुसरीच एक मालिका काढली आणि मग फॉसेटचं दार ठोठावलं.

मार्च १९४१ मध्ये 'अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल' ही १२ भागांची मालिका लागली. टॉम टायलर नायक आणि फ्रँक कॉगलन ज्युनियर बिलीच्या भूमिकेत. लायडेकर बंधूंनी माणसाच्या मापाचा पुतळा तारांवरून सोडून उडण्याची दृश्यं घेतली, आणि जमिनीवर उतरताना किंवा झेप घेताना डेव्हिड शार्प हा कसलेला स्टंटमन कॅमेऱ्यासमोर येई. संगणक नसलेल्या काळात ही दृश्यं इतकी सफाईदार झाली की आजही चित्रपटतंत्राचे अभ्यासक त्यांचा दाखला देतात. कॉमिकमधला महानायक पडद्यावर आला तो हा पहिला. सुपरमॅन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्लायशर स्टुडिओच्या व्यंगपटांतून आला आणि हाडामांसाच्या नटासह तो थेट १९४८ मध्ये दिसला.

नॅशनलनं दावा दाखल केला तो सप्टेंबर १९४१ मध्ये. त्यात फॉसेटबरोबर रिपब्लिकलाही प्रतिवादी केलं. तोवर व्हिझचा पहिला अंक निघून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. मला या क्रमात अर्थ दिसतो. छापील अंकांची स्पर्धा नॅशनल सहन करत होती असं नाही, पण आपला नायक पडद्यावर पोचण्याआधी त्याच्यासारखाच दुसरा तिथे पोचला, ही गोष्ट धंद्याच्या दृष्टीनं वेगळ्या वजनाची होती. कॉमिकचा अंक १० सेंटला मिळे. चित्रपटाचा परवाना, खेळणी, रेडिओ, कपडे यांतला पैसा त्याच्या कितीतरी पट. महानायकांच्या धंद्यात पडदा हा कागदापेक्षा मोठा झाला तो काही गेल्या वीस वर्षांत नव्हे. पहिल्याच मोठ्या खटल्यात पडदा हजर होता.

'टाकून देणं' आणि 'गमावणं'

खटला प्रत्यक्ष उभा राहायला १९४८ साल उजाडलं. दोन्हीकडच्या चौकटी शेजारी शेजारी लावून साम्य दाखवायचं, अशी नॅशनलच्या वकिलांची पद्धत होती. न्यायाधीश कॉक्स यांनी १९५० मध्ये दिलेला निकाल विचित्र आहे. नक्कल झाली, असं त्यांनी म्हटलं. पण तरीही नॅशनल हरली.

कारण त्या काळच्या अमेरिकी कायद्यात होतं. छापलेल्या कृतीवर हक्काची सूचना, म्हणजे चिन्ह, साल आणि हक्कदाराचं नाव, योग्य रीतीनं छापणं सक्तीचं होतं. सुपरमॅनच्या रोजच्या चित्रपट्ट्या वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या मॅक्लूर सिंडिकेटनं अनेक पट्ट्यांवर ती सूचना नीट छापली नव्हती. त्यावरून न्यायालयानं निष्कर्ष काढला की नॅशनलनं आपला हक्कच सोडून दिला. क्षणभर विचार केला तर अंगावर येणारी गोष्ट आहे: जगातल्या पहिल्या महानायकावरचा कॉपीराइट एका वितरकाच्या छपाईतल्या हलगर्जीपणामुळे संपल्याचं न्यायालय सांगत होतं.

अपिलात १९५१ मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी तो निकाल फिरवला. हे वंडर मॅनच्या खटल्यातल्या ऑगस्टस हँड यांचे चुलतभाऊ. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. हक्क टाकून देणं हे इराद्याशिवाय होत नाही. आपण हा हक्क सोडतो आहोत हे दाखवणारी कृती लागते, आणि नॅशनलच्या वागण्यात तसं काहीच नव्हतं. सूचना चुकली म्हणून हक्क गमावणं ही दुसरी गोष्ट. ती फक्त त्या त्या पट्टीपुरती. उरलेल्या पट्ट्यांवरचा हक्क शाबूत. मग कोणती पट्टी शाबूत आहे आणि फॉसेटनं नेमकी कोणती उचलली, हे एकेक करून तपासा, असं सांगून त्यांनी प्रकरण खाली पाठवलं.

म्हणजे अंतिम निकाल लागलाच नाही, हे ध्यानात घेण्याजोगं आहे. 'कॅप्टन मार्व्हल हा सुपरमॅनची नक्कल असल्याचं न्यायालयात सिद्ध होऊन तो बंद पडला' असं सर्रास लिहिलं जातं. वस्तुस्थिती अशी की पट्टीगणिक तपासणीचा कंटाळवाणा, खर्चिक टप्पा पुढे दिसत असताना फॉसेटनं हिशेब केला. महायुद्ध संपल्यावर महानायकांचा खप सगळीकडेच ओसरला होता. कंपनीचा स्वस्त कादंबऱ्यांचा नवा धंदा मात्र जोरात होता. अशा वेळी मावळत्या मालासाठी कशाला लढायचं? १९५३ मध्ये फॉसेटनं चार लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हल न छापण्याचं कबूल केलं. फॉसेटच्या 'मार्व्हल फॅमिली' या कॉमिकचा शेवटचा अंक जानेवारी १९५४ चा.

या सगळ्यात ज्यांनी हे नायक घडवले ते कुठे होते? सीगल आणि शुस्टर यांनी १९४७ मध्ये सुपरमॅनच्या हक्कांसाठी नॅशनलवरच दावा लावला होता आणि नॅशनलमधलं काम गमावलं होतं. म्हणजे सुपरमॅन किती अस्सल आणि मौलिक आहे हे नॅशनल एका न्यायालयात पटवून देत होती, त्याच काळात ज्यांच्या डोक्यातून तो निघाला ते दुसऱ्या न्यायालयात तिच्याविरुद्ध उभे होते. त्यांना वर्षाला २० हजार डॉलरचं निवृत्तिवेतन आणि नामनिर्देश मिळाला तो १९७५ च्या अखेरीस, सुपरमॅनचा मोठा चित्रपट येऊ घातल्यावर, आणि तोही लाजेकाजेस्तव. पार्कर आणि बेक हे फॉसेटचं काम करणारे. त्यांचा तर हक्काचा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. मला या प्रकरणातली ही सर्वांत बोचणारी बाजू वाटते, आणि ती कुठल्याही निकालपत्रात नाही.

बाइंडर मात्र पुन्हा कामाला लागले, आणि तेही नॅशनलकडे. कॅप्टन मार्व्हलला बहीण, धाकटा साथीदार, अख्खं कुटुंब असलेल्या कथा लिहिणाऱ्या या लेखकानं १९५९ मध्ये सुपरमॅनला एक चुलतबहीण दिली: सुपरगर्ल. ज्याची नक्कल केल्याचा आरोप होता, त्याच्याच घरात आता त्या कल्पना नांदू लागल्या.

ब्रिटनमधला फाटाही सांगायलाच हवा. तिथे कॅप्टन मार्व्हलचे अंक पुन्हा छापणाऱ्या प्रकाशकाचा माल अमेरिकेतून येणं थांबलं, तेव्हा मिक अँग्लो यांनी १९५४ मध्ये 'मार्व्हलमॅन' हा जवळपास तसाच नायक उभा केला. १९८० च्या दशकात अ‍ॅलन मूर यांनी त्याला नवं, गंभीर रूप दिलं. पण अमेरिकेत त्या अंकांवर नाव छापावं लागलं 'मिरॅकलमॅन', कारण तोवर मार्व्हल या शब्दावर एक मोठी कंपनी बसली होती. २००९ मध्ये तिनंच मार्व्हलमॅनचे हक्क विकत घेतले.

नाव मोकळं पडतं

१९५३ च्या तडजोडीनं एक अडकलेली स्थिती तयार झाली. नायक फॉसेटच्या मालकीचा, पण फॉसेट छापू शकत नाही. नॅशनल अडवू शकते, पण तिची मालकी नाही. कॉपीराइटच्या दृष्टीनं यात काही बिघडत नाही. कथा वीस वर्षं कपाटात पडून राहिली तरी हक्क राहतो. ट्रेडमार्कचं तसं नसतं. ज्या नावाखाली माल विकला जातो त्या नावाचं संरक्षण माल विकत राहण्यावर टिकतं. दुकान कायमचं बंद झालं, तर पाटीवरचं नाव दुसऱ्याला लावता येतं. नॅशनलनं दुकान बंद पाडलं होतं, पाटीकडे तिचं लक्ष नव्हतं.

१९६६ मध्ये एम. एफ. एंटरप्रायझेस या छोट्या प्रकाशकानं कॅप्टन मार्व्हल नावाचा भलताच नायक काढला, जो हातपाय सुटे करून हवेत फेकू शकत असे. तो टिकला नाही. पण मार्व्हल कॉमिक्सचे मालक मार्टिन गुडमन जागे झाले. आपल्या कंपनीचं नाव मिरवणारा नायक दुसऱ्याकडे कसा? डिसेंबर १९६७ च्या 'मार्व्हल सुपर-हीरोज' या अंकात स्टॅन ली आणि जीन कोलन यांचा कॅप्टन मार्व्हल आला: क्री नावाच्या परग्रही साम्राज्याचा एक अधिकारी, नाव मार-व्हेल. नायकाआधी नाव ठरलं होतं, आणि पहिल्या कथा वाचताना ते जाणवतं.

यातला एक तपशील मला फार विलक्षण वाटतो. १९५७ पासून मार्व्हलच्या अंकांचं वितरण इंडिपेंडंट न्यूज ही कंपनी करत होती, आणि ती नॅशनलच्याच घरातली होती. महिन्याला साधारण आठच मालिका काढायच्या, अशी अटही तिनं मार्व्हलवर लादलेली होती. तो करार १९६७ मध्ये चालूच होता. कॅप्टन मार्व्हल हे नाव ज्या अंकानं मार्व्हलच्या पदरात टाकलं, तो अंक वर्तमानपत्रांच्या ठेल्यांपर्यंत नॅशनलच्याच यंत्रणेनं पोचवला.

पुढच्याच अंकात, मार्च १९६८ मध्ये, लेखक रॉय थॉमस यांनी एक दुय्यम पात्र आणलं. लष्करी तळाची सुरक्षाप्रमुख, कॅरल डॅन्व्हर्स. मार-व्हेलची मालिका काही फारशी चालेना. १९६९ मध्ये थॉमस यांनी त्याला रिक जोन्स या तरुणाशी जोडलं: मनगटावरचे पट्टे एकमेकांवर आपटले की एक जातो आणि दुसरा येतो. बिली बॅटसनची युक्ती, दुसऱ्या घरात. याच थॉमस यांनी १९८७ मध्ये डीसीसाठी बिली बॅटसनच्या जन्मकथेची नवी मालिका लिहिली. दोन्ही कॅप्टन मार्व्हल ज्यांच्या हातून गेले अशा मोजक्या लोकांपैकी ते एक.

परत आणलेला नायक

१९७२ मध्ये डीसीनं फॉसेटकडून परवाना घेतला. ज्याला बंद पाडायला बारा वर्षं घालवली, त्याला छापण्यासाठी आता त्याच फॉसेटला पैसे द्यायचे. फेब्रुवारी १९७३ च्या अंकावर नाव झळकलं 'शझाम!', कारण कॅप्टन मार्व्हल हे शीर्षक मार्व्हलचं झालं होतं. कथेच्या आत पात्र एकमेकांना त्या नावानं हाक मारू शकत होती. मुखपृष्ठ, जाहिरात, खेळण्याचं खोकं यांवर मात्र ते वापरायचं नाही. डीसीनं सुरुवातीला शीर्षकाखाली 'मूळ कॅप्टन मार्व्हल' असं छापून पाहिलं. मार्व्हलच्या वकिलांचं पत्र आल्यावर ते काढलं. चित्रांसाठी बेक यांनाच बोलावलं होतं. कथा त्यांना पटेनात, दहा अंकांनंतर ते बाहेर पडले. बाइंडरांच्या कथांतला खेळकरपणा ज्याला ठाऊक आहे, त्याला बेक यांची निराशा कळेल. १९७४ ते १९७६ या काळात 'शझाम!' दूरचित्रवाणीवरही चालली, आणि एक अख्खी पिढी त्या नायकाला शझाम म्हणूनच ओळखू लागली. पुढे १९९१ पर्यंत सगळे हक्क डीसीकडे आले.

तिकडे मार्व्हलला पाटी उतरू द्यायची नव्हती. जिम स्टार्लिन यांनी १९७० च्या दशकात मार-व्हेलला पहिल्यांदा खरं व्यक्तिमत्त्व दिलं आणि १९८२ मध्ये त्याला कर्करोगानं मरण दिलं. शत्रूच्या हातून नव्हे, आजारानं, अंथरुणावर. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सची मोनिका रॅम्बो ही कृष्णवर्णीय स्त्री नवी कॅप्टन मार्व्हल झाली, आणि पुढे अ‍ॅव्हेंजर्स या महानायकांच्या तुकडीची प्रमुखही. तिच्यानंतर मार-व्हेलच्या मुलानं ते नाव घेतलं. कॅरल १९७७ मध्ये मिस मार्व्हल झाली होती. २०१२ मध्ये लेखिका केली स्यू डिकॉनिक यांनी तिला कॅप्टन केलं.

नाव वापरात ठेवण्याची गरज नसती तर इतक्या वेळा गडगडलेली मालिका कोणी पुन्हा पुन्हा उभी केली असती, असं मला वाटत नाही. पण त्या गरजेतून जे निघालं ते निव्वळ वकिली नव्हतं. मोनिका आणि कॅरल ही खरीखुरी पात्रं आहेत, आणि डिकॉनिक यांच्या अंकांभोवती वाचक स्त्रियांचा जो मोठा गोतावळा जमला त्यानं चित्रपटाची वाट सोपी केली.

त्याच २०१२ च्या सुमारास डीसीनं हार मानली. पात्राचं नावच अधिकृतपणे शझाम केलं. आता त्याला स्वतःचं नाव सांगायचं तर मंत्र उच्चारावा लागतो, आणि मंत्र उच्चारला की तो पुन्हा पोरगा होतो.

२०१९ मध्ये 'कॅप्टन मार्व्हल'नं जगभरात सुमारे ११३ कोटी डॉलरचा धंदा केला. 'शझाम!'नं सुमारे ३७ कोटी, मात्र फार कमी खर्चात. हे आकडे जुन्या खटल्याचा निकाल आहेत असं कोणी म्हटलं तर ते चूक ठरेल. मार्व्हलमागे दहा वर्षं बांधत आणलेली चित्रपटांची साखळी होती आणि सातच आठवड्यांवर 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' होता. २०२३ मध्ये दोघांचेही दुसरे भाग पडले: 'शझाम! फ्युरी ऑफ द गॉड्स' सुमारे १३ कोटींवर, आणि 'द मार्व्हल्स', ज्यात कॅरल आणि मोनिका दोघीही होत्या, सुमारे २० कोटींवर, म्हणजे मार्व्हल स्टुडिओजच्या चित्रपटांत तळाशी. नाव कोणाकडे आहे यानं तेव्हा काहीच फरक पडला नाही.

पहिल्या 'शझाम!'च्या शेवटी शाळेच्या भोजनगृहात शझाम एका पाहुण्याला घेऊन येतो. चेहरा दिसत नाही, फक्त छातीवरचं चिन्ह दिसतं. सुपरमॅन. ज्यांच्यासाठी बारा वर्षं कोर्ट चाललं ते दोघे एकाच कंपनीचे नोकर म्हणून जेवणाच्या टेबलाशी.

या दोन कंपन्यांमध्ये नावांवरून फक्त भांडणंच झाली असंही नाही. 'सुपर हीरो' या शब्दाचा अमेरिकेतला ट्रेडमार्क डीसी आणि मार्व्हल यांनी मिळून चार दशकांहून अधिक काळ जपला होता, आणि तिसरं कोणी तो शब्द शीर्षकात वापरू लागलं की दोघांचे वकील एकाच बाजूला उभे राहत. 'सुपर बेबीज' नावाचं कॉमिक काढणाऱ्या एका छोट्या ब्रिटिश कंपनीला डीसीनं हरकत घेतली, तेव्हा तिनं उलट हा ट्रेडमार्कच रद्द करण्याचा अर्ज केला. डीसी आणि मार्व्हल या दोघांनीही मुदतीत उत्तरच दिलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळानं तो रद्द केला.